न बघितलेली नर्मदा

ही गोष्ट मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही. बायकोला अर्धी माहीत आहे.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. मोठ्या पुरात पाणी दाराच्या तिसऱ्या पायरीला लागलं, तेव्हा आई उंबऱ्यात उभी राहून नदीला म्हणाली, "हितंच थांब बाई. तुझी ओटी दरसाल भरतोच. तुझी थोरली भण नर्मदा, तिचीबी भरीन." पाणी थांबलं. का थांबलं ते धरणावरच्यांना ठाऊक. आईच्या लेखी मात्र तो नवस झाला, आणि फेडायचा राहिला.

मी कोल्हापुरात एका फाउंड्रीत नोकरीला. कामासाठी अधूनमधून अहमदाबादला जायचो. दुपारी निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भरूचला नर्मदा ओलांडते. आई म्हणाली, "मलाबी ने की एकदा." मी एसीची दोन तिकिटं काढली. दोन्ही कन्फर्म झाली. मग कळलं की आमचे साहेब त्याच डब्यात आहेत.

आईचा आवाज या बांधावरून त्या बांधावर जाणारा. ती डब्यात खर्डा-भाकरी सोडणार, साहेबांना "कुठलं पावणं?" म्हणून विचारणार, हे मला दिसायला लागलं. निघायच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून गावाहून माझ्या घरी आली. मी म्हणालो, "आये, तुझं तिकीट वेटिंगलाच राहिलं बघ."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "रेल्वेचं काय आपल्या हातात हाय?" आणि तिनं ओटीचं गाठोडं माझ्याकडं दिलं. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. "मग तूच सोड माझ्या नावानं."

गाडीत टीसीनं समोरच्या बर्थकडं बोट केलं. "हे कोण?" मी म्हटलं, "आलं नाही." घडी घातलेली चादर आणि उशी तशीच माझ्यासमोर पडून राहिली.

पहाटे गाडी पुलावर चढली आणि चाकांचा आवाज बदलला. मी जागा होतो. एसीची काच उघडत नाही हे खरं, पण दारापर्यंत जाता आलं असतं. हातात नारळ घेऊन साहेबांसमोरून जायची लाज वाटली. मी पांघरूण डोक्यावर ओढलं. नदीकडं साधं बघितलंही नाही.

परत आल्यावर आईनं विचारलं, "सोडलीस?"

"सोडली की."

"केवढी हाय रं नदी?"

"आपल्या कृष्णेएवढीच असंल."

तेवढंच तिला पुरलं. पुढं कितीतरी वर्षं ती गल्लीतल्या बायकांना सांगत राहिली, "नर्मदा काय, आपल्या कृष्णेएवढीच हाय. माझ्या ल्योकानं बघितलीया." खण माझ्या कपाटात, कागदांच्या खाली. नारळाची आमच्या घरी चटणी झाली.

गेल्या हिवाळ्यात ती म्हणाली, "गुडघं हायत तवर माझी ओटी गेली ती नदी बघू दे." या वेळी मी मुद्दाम स्लीपरची तिकिटं काढली, उघडणाऱ्या खिडकीची. वडील म्हशींसाठी घरी राहिले. खण मी खिशात घेतला होता. आई झोपेत असताना गुपचूप सोडायचा आणि मोकळं व्हायचं, असा माझा बेत. पण धार काढायची वेळ झाली की ती कुठंही जागी होते, हे मी विसरलो. मला जाग आली तेव्हा ती खिडकीच्या गजांना तोंड लावून बसली होती.

गाडी पुलावर हळू झाली. आधी वाळू दिसली, मग पाणी. ते पाणी संपेना. राखाडी उजेडात पलीकडचा काठ कुठं आहे तेच कळत नव्हतं. मधेच एक होडी दिसली, ती तीळ ठेवल्यासारखी. आमची कृष्णा अशी पसरते ती पुरात, ऊस बुडवून. ही कुणालाही न बुडवता एवढी होती. मी इतक्या वेळा हिच्यावरून गेलो होतो, आणि बघत होतो ती आज पहिल्यांदा.

"पूर आलाय व्हय रं?" आईनं हळूच विचारलं. तिचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"न्हाय आये. ही एवढीच असती."

ती बघत राहिली. मग माझ्याकडं वळली. "मग तू आपल्या कृष्णेएवढी म्हणालतास ती कंची?"

उत्तर तयार करता आलं असतं. उन्हाळ्यात पाणी कमी असतं, असं काहीतरी. त्या पाण्यासमोर ते जमलं नाही. मी खिशातून खण काढून तिच्या मांडीवर ठेवला. "बघितलीच नव्हती. ओटी सोडली न्हाय. तुझं तिकीटपण आलतं. साहेबांसमोर तुझी लाज वाटली."

तिनं खणाच्या घडीवर बोट फिरवलं. घडीवर पिवळी रेघ पडली होती.

"नारळ?"

"चटणी केली."

"माझ्या नवसाची चटणी खाल्लासा व्हय रं, मुडद्या!"

सगळा डबा जागा झाला. वरच्या बर्थवरचा माणूस उठून बसला. आईनं एकदा बाहेर बघितलं. पूल चालूच होता. तिनं पिशवीतून घरच्या गुळाचा खडा काढला, खणात ठेवला आणि ते माझ्या हातात दिलं.

"हात भाईर काढ. तुझ्याच हातानं राहिलंय, तूच सोड."

मी गजातून कोपरापर्यंत हात बाहेर काढला आणि मूठ उघडली. गूळ सरळ खाली गेला. खण वाऱ्यावर उघडला, पुलाच्या लोखंडाला चाटून गेला आणि त्या एवढ्या पाण्यावर हिरवा ठिपका होत गेला. आईनं हात जोडले. मीही जोडले.

वरचा माणूस खाली उतरला. "क्या हुआ माताजी?"

"पावणं," आई त्याच जुन्या आवाजात म्हणाली, "ह्यो माझा थोरला. कंपनीत हाय. नदी न बघताच केवढी हाय ते सांगतोय!"

त्याला काही कळलं नाही. त्यानंही नदीला हात जोडले. सगळे माझ्याकडं बघत होते. या वेळी मी लाजून मान खाली घातली नाही, कारण बाहेर अजून पाणीच होतं आणि मला ते बघायचं होतं.