बाभळबनातले डास

बोलता बोलता माझा एक सहकारी अचानक बाही वर सारायचा, हात मांडीवर ठेवायचा आणि गप्प बसायचा. हातावर डास बसला की समोरच्यालाही हलू द्यायचा नाही. "शेपूट वर हाय का बगा. वर असलं तर हिवतापाचा." मग समाधानाने त्याला फटका द्यायचा. एका लग्नात ऐन पंगतीत त्याने हे केलं, तेव्हा वाढपी वरणाचं भांडं घेऊन तसाच ताटकळत राहिला. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यावर रागावता येत नाही.

उजनी धरणाचं काम चालू होतं, त्या काळात आम्ही दोघं सोलापूर जिल्ह्यात हिवतापाच्या कामावर होतो. तो तापकऱ्यांच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचा, मी घरोघरी भिंतींवर डीडीटी फवारायचो. घरांभोवतीची झुडपं काढायला सांगा, असा वरून हुकूम होता. भीमेकाठच्या एका गावात मात्र याचा उत्साह झुडपांवर थांबला नाही. गावाला लागून एका धनगर म्हातारीचं बाभळबन होतं. तिच्या शेळ्या आणि गावची गुरं त्या सावलीला बसायची. डासांचं बिऱ्हाड तिथंच, असं याने डोक्यात घेतलं. तो तिच्या ओट्यावर जाऊन हात पुढे करून दाखवत राहिला, आणि शेवटी म्हातारीला पटलं. गावाने बन तोडलं. सरपणासाठी बुंधेही मुळासकट उपटले.

पावसाळ्यात ते खड्डे तुंबले. उघड्या उन्हात पाणी चकाकायचं आणि त्यात अळ्या वळवळायच्या. शेळ्या आता म्हातारीच्या छपरात, गुरं ज्याच्या त्याच्या दारात. ताप आधीपेक्षा जास्त घरांत शिरला. म्हातारीलाही थंडी वाजून आला.

आम्ही गोळ्या घेऊन गेलो तेव्हा ती घोंगडीत कुडकुडत होती. मी शिव्या खायच्या तयारीने उभा होतो. ती एवढंच म्हणाली, "तुमी सांगितलं म्हून तोडलं की. आता काय करायचं, ते बी तुमीच सांगा."

त्याने गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या. परतताना तो सायकल हातात धरून चालत होता आणि मलाच विचारत होता. उघड्या पाण्याने डास वाढले म्हणावं, तर नदीकाठी डबकी आधीही होती. बनात गुरांना चावणारे डास आता माणसांकडे वळले म्हणावं, तर चावायला गुरं आता दारातच होती. का यंदा ताप येणारच होता?

"मला कायबी उमजंना गड्या," तो म्हणाला.

मलाही उमजत नव्हतं. त्याचा चेहरा बघून फार वाईट वाटलं.

म्हातारी बरी झाली. सुट्टीच्या दिवशी हा तिथे जाऊन खड्डे बुजवू लागला. शेळीच्या लेंडीतून बाभळीचं बी चांगलं रुजतं, असं तिने सांगितल्यावर याने सगळीकडे लेंड्या पसरल्या. रोपं गुडघ्याला लागली तेव्हा त्यांच्या मधोमध तो हात पुढे करून बसलेला दिसला. पुन्हा सावली झाल्यावर हातावर कोणता डास बसतोय ते बघायचं होतं म्हणे.

सावली व्हायच्या आत त्याची बदली झाली. मग उजनीचं पाणी चढलं आणि गावासकट ती रोपंही बुडाली. कोणाचं काय चुकलं, ते कळायची सोयच राहिली नाही. तो मला पुन्हा भेटला नाही.

अजूनही हातावर डास बसला की मी लगेच मारत नाही. शेपूट वर आहे का, ते बघतो. वर असलं की म्हातारीसारखं विचारावंसं वाटतं, आता काय करायचं. आणि हात तसाच पुढे राहतो.