एका बाजूची उलांडी

सर दुकानात आले की बोलण्याआधी त्यांचं नख चालू व्हायचं. काउंटरवरची पावती, एसटीचं तिकीट, कुणाची लग्नपत्रिका, जे सापडेल त्याला घडी मारत ते उभे राहायचे. मालवणात माझं झेरॉक्स आणि छपाईचं छोटं दुकान. दोन हजार सालाच्या आसपास गावात कॉम्प्युटर मोजकेच होते. त्यातला एक माझा होता, आणि हायस्कूलचे हे गणिताचे सर तो आपलाच समजत. आता सर मुलीकडे पुण्याला असतात, म्हणून हे लिहायचा धीर होतोय.

"कापूचा नाय, चिकटवूचा नाय," हे त्यांचं ब्रीद. एका चौकोनी कागदातून कुर्ली म्हणजे खेकडा, बगळा, काहीही उभं करायचं, तेही अंदाजाने नव्हे. त्यांनी स्वतः एक प्रोग्राम लिहिला होता. पाय किती, लांबी किती, असा आकाराचा सांगाडा त्याला दिला की घड्या कुठे पडतील त्या रेघा तो काढून देई. रेघा मी छापायचो. प्रिंटर लहान, म्हणून चार कागद गोंदाने जोडावे लागत. यावरून मी एकदा डिवचलं, तर म्हणाले, "तां घडी घालूच्या आदी. तां धरूचा नाय."

पावसाळ्यात कागद सर्दायचे आणि कुर्ल्या पाय पसरून बसायच्या. सर दोष मला द्यायचे. मी कागद ओलो विकतो म्हणे.

त्यांचे वडील जन्मभर होडीवर होते. सरांना मात्र होडीत पाय ठेवला की उलटी. म्हातारा त्यांना चारचौघांत "आमचो मास्तर" म्हणायचा आणि त्यात कौतुक नसायचं. आता काचबिंदूने त्याची नजर पुरती गेली होती. सरांनी कागदाची होडी करायला घेतली ती त्याच्या हातात द्यायला. बापाने एकदा तरी बरं म्हणावं, एवढीच इच्छा. हे ते बोलले नाहीत, पण आठव्यांदा होडीच्या रेघा छापताना माझ्यासारख्यालाही कळलं.

होडी झाली तेव्हा मला सोबत घेऊन गेले. म्हातारा घरापुढच्या खळ्यात बसला होता. त्याने नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, बोटं फिरवली, एक बाजू चाचपली, मग दुसरी, आणि थांबला.

"दोनय बाजूक उलांडी? मगे जाळा खंयसून ओढतलंस रे?"

होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात ते लाकूड म्हणजे उलांडी. ती एकाच बाजूला असते, दुसरी बाजू जाळ्यासाठी मोकळी लागते. सरांचा प्रोग्राम अर्ध्या कागदाचं गणित करायचा आणि उरलेला अर्धा आरशातल्यासारखा उतरवायचा. ही चूक आमच्या किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही करणार नाही. त्यासाठी गणितात पहिलं यावं लागतं.

परतताना मी हसू दाबत होतो. "हसा," सर म्हणाले. "पण गणित बरोबर होता."

पुढचं वर्षभर त्यांनी तो प्रोग्राम मोडून नव्याने लिहिला. दुसरी होडी घेऊन गेलो तेव्हा म्हाताऱ्याने मोकळी बाजू दोनदा चाचपली. मान हलवली. मग काही कळायच्या आत त्याने उलांडी धरून खाली वाकवली. सरांच्या घडीला हात लावायची गावात कुणाची टाप नव्हती. मी डोळेच मिटून घेतले.

"इतकी वर नको. पाण्याक टेकाक व्हयी," म्हातारा म्हणाला. परत एकदा चाचपून त्याने होडी मुलाच्या हातात दिली. "आता जातली दर्यार."

सरांनी ती दोन्ही हातांत जपून धरली, वाकलेली उलांडी सरळ केली नाही.

दुसऱ्या दिवशी ते होडी जेवणाच्या डब्यात घालून दुकानात आले. खिशातून कोनमापक काढून म्हाताऱ्याने वाकवलेला कोन मोजला आणि प्रोग्राममधला आकडा बदलला.

"चुकला काय, सर?"

"माजो कोन चुकलो. बाबांचो बरोबर."

नव्या रेघा अर्ध्या छापून झाल्या आणि लाइट गेली. उद्या नेतो म्हणाले. त्याच आठवड्यात म्हातारा झोपेतच गेला.

महिन्याने सर आले. मी राहिलेली छपाई पुरी करून, कागद जोडून, गुंडाळी बांधून ठेवली होती. ती पुढे केली.

"नको," ते म्हणाले. "बाबान दुमडलेली आसा माज्याकडे."