कोर्स संपला की तेल

सिंगापूरमधल्या तांजोंग पगारच्या ऑफिसात मीटिंग चालू होती, म्हणून मृणालच्या नवऱ्याचा, अनिरुद्धचा फोन मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मृणाल गेली गं. बसमध्येच." जुरोंग आयलंडला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, बसल्या जागी तिचं हृदय बंद पडलं... ज्या बसमध्ये पुन्हा चढता यावं म्हणून तिने जिवाचं रान केलं होतं, त्याच बसमध्ये. महिना होऊन गेला तरी माझा राग गेलेला नाही, आणि तो कोणावर काढायचा तेही कळत नाही.

मृणाल माझी क्वीन्सटाउनमधली शेजारीण, एका रिफायनरीच्या कंट्रोल रूममध्ये इंजिनीअर. तिला नागीण झाली. फोड गेले, पण बरगडीवरची आग काही जाईना. पंख्याच्या वाऱ्यानेही ती कळवळायची. गळ्यातलं कंपनीचं कार्ड छातीला लागू नये म्हणून हातात धरून हिंडायची. गोळ्यांनी दुखणं उतरायचं, पण गुंगी चढायची, आणि गुंगीतल्या माणसाला कंट्रोल रूममध्ये कोण बसू देईल? नोकरी गेली असती तर एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहायचा परवानाच गेला असता, आणि नवरा आणि इरा, तिची लेक, यांच्यासह पुण्याला परतावं लागलं असतं, इराची शाळा अर्धी टाकून.

शेवटी डॉक्टरांनी मेंदूला बाहेरून सौम्य विद्युतप्रवाह देण्याचा उपचार सुचवला. कापाकापी नाही, सुई नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, ते डोक्यावर धरणारा पट्टा आणि एक छोटं यंत्र. घरीच बसायचं, टॅबवरून हॉस्पिटलची नर्स लक्ष ठेवणार. "काहींना उपयोग होतो, काहींना नाही," हे डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं होतं. केस मात्र स्वच्छ हवेत, तेलाचा थेंबही नको, नाहीतर प्रवाह त्वचेपर्यंत नीट पोचत नाही.

नेमक्या तेव्हाच काकू, म्हणजे मृणालची आई, पुण्याहून आल्या. लेकीचं दुखणं बघवेना, आणि जवळ घ्यायची तर सोय नाही. हात फिरवायला एक डोकंच उरलं होतं. कामावर घ्यायचं की नाही हे ठरवणारी कंपनीची तपासणी तोंडावर आली होती, गोळ्या कमी करत आणल्या होत्या, सगळी भिस्त यंत्रावर होती. आणि रविवारी दुपारी मृणालचा डोळा लागलेला बघून काकूंनी तिच्या टाळूवर तेल जिरवलं.

सोमवारी मी पट्टा बांधायला तिच्याकडे गेले, तर यंत्र चालूच होईना. नुसतं टूं टूं. "मॅम, युअर हेअर गॉट ऑइल, इज इट?" नर्सने विचारलं. मृणाल नाही म्हणाली. इराने सोफ्यावरून इथल्या पोरांच्या इंग्रजीत जाहीर केलं, "आजी पुट, लाह!" नर्सकडे पुढचा पेशंट थांबला होता. मी मृणालला किचनच्या सिंकपाशी नेलं आणि चक्क भांड्यांच्या साबणाने तिचं डोकं धुतलं. वाकलं की तिची बरगडी पेटायची. ओठ दाताखाली धरून ती उभी राहिली. टॉवेल, स्पंज... टूं टूं. परत सिंक. काकू दारात उभ्या, हात पदराला पुसताहेत, पुन्हा पुसताहेत. माझं टाळकं सटकलं होतं, मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "लास्ट ट्राय, ओके?" नर्स म्हणाली, आणि तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला. "मुंग्या येतायत," मृणाल म्हणाली आणि तिने डोळे मिटले. रडू मात्र मला आलं.

तपासणीत ती पास झाली. दुखणं पुरतं गेलं नव्हतं. "शेजारच्या घरात टीव्ही चालू असावा, तेवढंच उरलंय," असं म्हणायची. कामाला निघाली त्या सकाळी तिने कार्ड गळ्यात घातलं. "बघ शुभे, लागू दे खुशाल!" मग आईकडे वळून म्हणाली, "कोर्स संपला की लाव गं तेल, हवं तेवढं." पण डॉक्टरांनी उपचार अधूनमधून चालूच ठेवला आणि तेलाचं पुढे पुढे जात राहिलं. बाटली बाथरूमच्या फळीवर ठेवून काकू पुण्याला गेल्या.

मृणाल गेल्यावर तिला ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर ठेवलं होतं. कुणीतरी कुजबुजलं, "डोक्याला करंट घ्यायची म्हणे..." मी तिथेच झापलं. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली होती, त्या यंत्राचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. काकू विमानतळावरून थेट आल्या. तिच्याकडे एकदा बघून वर घरात गेल्या आणि ती बाटली घेऊन खाली आल्या. झाकण उघडलं, आणि थांबल्या.

"शुभा, आता लावलं तर चालेल ना गं?"

"लावा, काकू. भरपूर लावा."

त्यांनी आधी दोन्ही हात पदराला पुसले, आणि मग तिच्या टाळूवर ठेवले.