पणजोबांच्या नावावरचं दगडफूल

नाव: व्हर्लिन पिटमन. वय: एकसष्ट. हुद्दा: हंगामी निरीक्षक, दुर्मिळ दगडफूल, दमट उभे कडे विभाग, उत्तर कॅरोलिना. अधिकार: सदर दगडफुलास अपाय करू पाहणाऱ्या कोणत्याही इसमास जागीच रोखणे. साधने: भिंग, दोर, गळ्यात ओळखपत्र.

ओसी आत्याचा या कागदात कुठेही उल्लेख नाही. जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे डोंगरावर पूर्वजांची थडगी साफ करायला आणि फुलं वाहायला जातो, तेव्हा व्हर्लिनच्या पणजोबांचा दगड घासायचं काम चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्याकडे असतं. दगड कसला, पाझरता कडाच. त्यात नाव कोरलंय. आत्या ते ब्लीच ओतून तारेच्या ब्रशनं घासायची. मग नऊ वर्षं गुडघ्यांनी दगा दिला, आणि तिच्या कामाला हात लावायची दुसऱ्या कोणाची छाती नव्हती. यंदा तिला नवे गुडघे बसले.

मे महिन्यात व्हर्लिनला त्याच अक्षरांत नखाएवढं दगडफूल सापडलं होतं. वरून निळसर करडं, खालून पांढरंशुभ्र, मुळाशी काळं. जगात ते फक्त आमच्याच डोंगरांत उरलंय. ब्लीचचा एक शिंतोडा, की खेळ खलास.

"आत्या, थांब. याला सरकारी संरक्षण आहे."

"आणि मला?" आत्यानं बादलीही खाली ठेवली नाही. "बाजूला हो मेल्या. तुझी दुपटी धुतलीत मी."

व्हर्लिननं ओळखपत्र पुढे केलं. तिनं त्यावरचा फोटो निरखला. "पोट आत ओढून काढलायस."

"एकदा या भिंगातून बघ, मग खुशाल घास," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

आत्यानं एक डोळा मिटला. दुसरा भिंगाला लावला. मग किंचाळलीच.

"अगं बाई! ही तर आजोबांची दाढी! वर करडी, आत पांढरी, नि मुळाशी तंबाखूनं काळी! मांडीवर बसून ही दाढी ओढायचे मी!" हातातला ब्रश गळून पडला. "चाळीस वर्षं तुम्हाला तारेनं भादरत होते हो आजोबा! बोलायचं तरी!"

मग जे हसू फुटलं ते कोणालाच आवरेना. थडग्यांशेजारच्या पंगतीत जेवत बसलेले पाद्रीबुवा तळलेल्या कोंबडीच्या तंगडीसकट गवतावर आडवे झाले.

ब्लीच गाडीत परत गेलं. आत्या कड्यापुढे खुर्ची टाकून, ब्रश मांडीवर घेऊन बसली. व्हर्लिन मोजपट्टी काढून पुढे सरकला.

"लांबूनच मोज."

"आत्या, निरीक्षक आहे मी!"

"ब्रश दिसतोय ना?"

त्या दिवशी दगडफुलापासून जागीच रोखला गेलेला इसम एकच. व्हर्लिन पिटमन.