सुभानपुऱ्याच्या काकांचं माप

उन्हाशी इतकं वैयक्तिक वैर धरलेला माणूस सुभानपुऱ्यातल्या काकांशिवाय अख्ख्या बडोद्यात सापडायचा नाही. त्यांच्या हॉलला बारा फुटी सरकता काचेचा दरवाजा, तोही पश्चिमेला. काकांचं आयुष्य सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेलेलं, त्यामुळे दुपारचं ऊन कुठवर घुसलं हे ते रोज फरशीवर खडूनं आखून ठेवत. काकू पुसून टाकत, आणि काका "पुरावा नष्ट केलास!" म्हणून तासभर रुसून बसत. पाहुणे काचेवर आपटू नयेत म्हणून त्यांनी काकूंच्या टिकल्या नाकाच्या उंचीवर ओळीनं चिकटवल्या होत्या. उंच पाहुण्यांची ओळ वेगळी, बुटक्यांची वेगळी.

मी पडदे आणि ब्लाइंड बसवणारा. परभणीकडचा, आठवीत शाळा सोडलेला, गोरव्यातल्या एका शेठकडे कामाला. पहिल्याच दिवशी काकांनी दार उघडून "या मिस्त्रीसाहेब" म्हटलं, तेव्हा साहेब कोण आलेत ते बघायला मी मागे वळलो होतो. मग पाच संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. ऊन तर अडायलाच हवं, पण रात्री बाहेरून घरातलंही दिसू नये, म्हणून परीक्षा: हॉलमधले दिवे लावायचे, मी आणलेला नमुना काचेला लावायचा आणि मला खाली कंपाउंडमध्ये पिटाळायचं.

"मी दिसतो का?" वरून आरोळी यायची.

"दिसता, काका."

"काय करतोय?"

"टक्कल विंचरताय."

"नापास! पुढचा आणा."

आडव्या पट्ट्यांचा झेब्रा ब्लाइंड असा गेला. वर गुंडाळायचा रोलर ब्लाइंड पास होत होता, पण त्याची साखळी काकूंच्या वॉकरमध्ये अडकेल म्हणून तोही गेला. शेजारच्या बेन गॅलरीत येऊन काळजीनं विचारायला लागल्या, "काका, तबियत सारी छे ने?"

गंमत खरी, पण त्यामागे काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्यांना न वाकता, एका हातानं पडदा सारून गॅलरीत जाता यायला हवं, एवढीच काकांची अट. शेवटी पॅनेल ट्रॅक ठरला. म्हणजे रुंद कापडी पट्टे, दरवाजासारखेच एकामागे एक सरकणारे, काठीनं ढकलायचे.

माप घ्यायला मात्र त्यांनी मला हात लावू दिला नाही. स्वतः स्टुलावर चढून मोजलं, कागदावर सुंदर आकृती काढली आणि सगळे आकडे मिलिमीटरमध्ये लिहून मला वाचून दाखवले. "समजलं ना?"

मी फूट, इंच आणि सुतात वाढलेला. माझ्या टेपच्या दुसऱ्या बाजूला मिलिमीटर होते, पण मला साहेब म्हणणाऱ्या माणसासमोर टेप उलटी करून शोधायची लाज वाटली. "हो काका," म्हटलं. कागद त्यांच्याकडेच ठेवला, आकडे डोक्यात घेतले आणि गोरव्याला पोचेपर्यंत सायकलवर त्यांचे इंच केले.

पट्टे टांगले तर खाली चार बोटं उजेड. शेठनं आधीच बजावलं होतं, "आता एक पण पीस बिघडला तर सरळ गावची गाडी पकडायची." माझ्या तोंडातून निघून गेलं, "काका, तुमची फरशी उतरती आहे."

काकांनी आतून एक गोटी आणली आणि फरशीवर ठेवली. गोटी तसूभर हलली नाही. त्यांनी गोटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ती उचलून खिशात टाकली.

तेवढ्यात शेठ काम बघायला आले. "आ शुं कर्युं?" ते माझ्यावर ओरडले.

"त्याला काही बोलू नका," काका म्हणाले. "माप मी दिलं. माझाच आकडा चुकला."

शेठनं कागद मागितला. "कुठे गेला देव जाणे," काका म्हणाले. कागद त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावत होता. मी स्क्रू मोजत बसलो.

माझी नोकरी राहिली. पट्ट्यांना खाली काकूंच्या जुन्या साडीचे काठ जोडले, ते दिसतातही छान. पण तेव्हापासून आल्यागेल्याला काकू सांगतात, "जन्मभर शहराचे नकाशे काढले, आणि घरच्या दाराचं माप चुकलं हो यांचं!" सगळे हसतात. काकाही हसतात. मी बशीतला चिवडा संपवतो.

गेल्या दिवाळीत ठरवून गेलो होतो. मांजलपूरचे त्यांचे पाहुणे बसलेले, काकूंनी गोष्ट सुरू केली, आणि मी म्हटलं, "काकू, ते माप खरं तर..."

"मिस्त्रीसाहेब, चकली घ्या," काका म्हणाले. मी चकली घेतली.

काकांनी आता मोजणं सोडलंय. परवा खिडकीच्या जाळीसाठी बोलावलं, तर टेप माझ्याच हातात दिली आणि स्वतः लांब उभे राहिले. "तुम्हीच बघा. माझं हल्ली चुकतं." हे ते अजून मला सांभाळून घ्यायला म्हणतात, की त्यांना आता खरंच तसं वाटायला लागलंय, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. मी माप घेतलं. मिलिमीटरमध्ये, दोनदा.