न काढलेले ठिपके

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. त्या हिवाळ्यात मी शारजातून रोज सकाळी एका व्हॅनमध्ये बसून फुटक्या मडक्यांची चित्रं काढायला जायचे. सांगलीत ड्रॉइंगचा डिप्लोमा केला होता, लग्नानंतर नवऱ्याबरोबर 'दोन वर्षांसाठी' इथं आले होते, आणि त्या दोनाची सात कधी झाली ते कळलंच नव्हतं. समुद्राकाठी उत्खनन करणाऱ्या परदेशी मंडळींना चित्रकार हवाय, असं नवऱ्याच्या ऑफिसातून कळलं. मला वाटलं, उंट आणि सूर्यास्त काढायचे असतील. पहिल्याच दिवशी उत्खननाच्या प्रमुख बाईंनी खापरांचा ट्रे माझ्यापुढं सरकवला आणि सांगितलं, जे दिसेल ते काढायचं, जे वाटेल ते नाही.

या बाई युरोपातल्या कुठल्याशा विद्यापीठात शिकवायच्या. उन्हानं नाकाचं सालपट निघालेलं, बोलणं मोजकं आणि नजर अशी, की माझी एखादी रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तरी त्यांना ती शेडच्या दारातून दिसायची. पहिले आठ दिवस मी मनातल्या मनात त्यांना भरपूर शिव्या घातल्या.

मग मात्र मला त्या खापरांचं वेडच लागलं. अजमान मागं टाकून आणखी बरंच पुढं गेलं की खारफुटीच्या मागं आमची पत्र्याची शेड होती, आणि तिच्यात या किनाऱ्यावरच्या निरनिराळ्या टेकाडांमधून गोळा केलेले ट्रे रचलेले होते. तळाच्या ट्रेमध्ये गारगोटीची पाती आणि शिंपल्यांचे ढीग, मडकी घडवायला शिकण्याच्याही आधीच्या माणसांचे. त्याच्या वर इराककडून आलेली रंगीत खापरं. मग सिंधूकडच्या काळ्या माठांचे जाडजूड तुकडे. मग लोखंड, रोमन काच, इराणी भांड्यांचा हिरवा तकाकता लेप, चिनी निळं-पांढरं, आणि सगळ्यांत वर बिस्किटाचा गंजका डबा, तोही रीतसर नंबर घालून ठेवलेला. एकदा डांबराचा एक गोळा माझ्याकडं आला. एका बाजूला बोरूच्या मोळीचा ठसा, दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या बारीक शिंपल्या. बाई म्हणाल्या, ही होडी आहे, म्हणजे बोरूच्या होडीला बाहेरून फासलेलं डांबर. मी तो तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बसले. शाळेत इतिहासात मी काठावर पास झालेली, आणि इथं सगळ्या जगाचा इतिहास माझ्या टेबलावर येऊन आपली पाळी कधी येते म्हणून वाट बघत होता. डबा खायची शुद्ध राहायची नाही.

खोदकामाला एका कंत्राटदाराची माणसं होती. त्यांत एक चाचा होते, श्रीवर्धनकडचे, पन्नाशी उलटलेले, पूर्वी गवंडीकाम केलेले. थापीनं माती अशी अलगद काढायचे की खालच्या शिंपलीवर ओरखडा उमटायचा नाही. मला 'बाय' म्हणायचे आणि जेवताना सुकट आणलं असेल तर माझ्या डब्याच्या झाकणात चिमूटभर ठेवायचेच.

एका दुपारी त्यांनी खड्ड्यातून हाक मारली. "बाय, तुजा पाटा गावला गो."

खरंच पाटा होता. एका खोलीच्या जमिनीवर, मध्ये खोलगट झालेला, शेजारी त्याचा वरवंटा. बाईंनी आजूबाजूच्या मातीवरून सांगितलं की चार हजार वर्षांपूर्वीचा असावा. त्यांच्या भाषेत त्याला लांबलचक नाव होतं आणि त्यावर धान्य दळत असत. जातं अजून जन्माला यायचं होतं. मी खड्ड्यात उतरले, दोऱ्याच्या चौकटी लावल्या आणि भर दुपारच्या उन्हात त्याचं चित्र काढलं. कडा, खोलगटपणा, फुटका कोपरा, सगळं.

तीन दिवसांनी चाचांनी तो उचलून शेडमध्ये आणला आणि कोरड्या ब्रशनं साफ केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारातून तिरपं ऊन आत आलं आणि पाट्यावर शेकडो बारीक खड्डे दिसले, टोकदार काहीतरी मारल्यासारखे. बाईंनी माझं चित्र काढून शेजारी धरलं. चित्रातला पाटा गुळगुळीत होता. दुपारच्या फोटोंतही तो पांढराफटक, काही कळायला मार्ग नाही. म्हणजे चित्र काढल्यानंतर कुणीतरी दगडावर घाव घातले असणार, असं बाईंना वाटलं. उचलला होता चाचांनी, आणि तेव्हा त्यांच्या हाताशी छोटी कुदळ होती.

कंत्राटदाराचा सुपरवायझर आला. वय झालेला माणूस काढायला त्याला तर निमित्तच पाहिजे होतं. "चाचा, यल्ला, कल से नहीं आना. खलास. व्हिसा का ऑफिस देखेगा." म्हणजे व्हिसा रद्द आणि घरी रवानगी. या वयात दुसरं काम कोण देणार?

चाचांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. ते माझ्याकडं वळले. "मी घाव घातलेला नाय, बाय. तू बगितलंस ना त्याला?"

मी बघितलं होतं. ते खड्डे मला पहिल्याच दिवशी दिसले होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. भर उन्हात, जमिनीशी गाल टेकवून बघताना दिसले होते, आणि मी काढले नाहीत. का? तर पाट्याला टाकी असायचीच. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर काही वाटलं जात नाही, नुसतं घसरतं. मग आमच्या गल्लीत छिन्नी-हातोडी घेऊन टाकीवाली यायची आणि ठिपक्याठिपक्यानं पाटा पुन्हा खरबरीत करून द्यायची. ते ठिपके मी जन्मापासून इतके बघितलेले, की ते बघायची गोष्ट आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. चिनी भांड्यावरचा केसभर तडा मी भिंगातून काढला, आणि माझ्या घरातली गोष्ट मात्र डोळ्यांदेखत गाळली. आता माझंच चित्र चाचांच्या विरुद्ध साक्ष देत होतं.

आणि मी गप्प बसले. भीती वाटली, दुसरं काही नाही. चूक कबूल केली की माझंही काम जाणार, आणि ते ट्रे सोडून पुन्हा दिवसभर घरातल्या दोन खोल्यांत बसायची कल्पनाही मला नकोशी होती. व्हॅनमध्ये सगळ्या वाटभर मला स्वतःची लाज वाटत होती.

घरी ओट्याखाली माझा पाटा उभा होता. सांगलीहून निघताना टाकी लावून घेतलेला, दोन वर्षं पुरेल म्हणून. विमानतळावर त्याच्यापायी केवढा तमाशा झाला होता. आता सात वर्षांत त्याचे ठिपके बुजत आले होते. मी तो पुसून जुन्या चादरीत बांधायला लागले.

"आई, व्हाय आर यू टेकिंग दॅट? इट्स जस्ट अ स्टोन," लेक म्हणाली.

"अगं, तिकडं पण तसाच एक आहे," मी म्हटलं.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "व्हॅनपर्यंत मी उचलून देतो."

सकाळी शेडमध्ये दोन्ही पाटे शेजारी शेजारी ठेवले. चाचा आपली पिशवी न्यायला आले होते, ते दारातच थांबले. मी बाईंना सांगितलं की चूक माझी आहे, ठिपके पहिल्यापासून होते, मी काढले नाहीत. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत टाकी समजावली, हातवारे केले. बाई दोन्ही दगड बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास ठेवायचाय मला. पण पुरावा?"

चाचाच दारातून पुढं आले. "मीठ बगा, मॅडम. सॉल्ट. परवा मारलेल्या घावात मीठ कुठनं येल?"

बाईंनी भिंग घेतलं. प्रत्येक ठिपक्याच्या तळाशी क्षाराचा पांढरा, दगडासारखा घट्ट थर होता, ब्रशनंही न निघालेला. एक ठिपका, दुसरा, दहावा. त्या गुडघ्यांवर बसून संपूर्ण पाटा तपासत गेल्या. मग भिंग माझ्या पाट्याकडं वळवलं आणि विचारलं, "तुमचे ठिपके बोथट आहेत. हा पाटा जिचा, तिचे इतके धारदार कसे?"

तोवर मी हा विचारच केला नव्हता. मी त्या जुन्या पाट्यावरून बोट फिरवलं. बोटाला कचकच लागलं, टाकीवाली नुकतीच उठून गेल्यासारखं.

"वापरलाच नाही," मी म्हटलं. "टाकी लावली आणि त्यावर एकदाही दळलं नाही."

टाकी लावल्यावर पहिलं वाटण फेकून द्यायचं असतं, नाहीतर घासात दगडाचा कच येतो. तिनं ती फेकायची मूठसुद्धा वाटली नव्हती. दुपारभर बसून पाटा तयार केला, वरवंटा शेजारी ठेवला आणि ती उठली. काय झालं असेल, कोण जाणे. कदाचित तीही दोन दिवसांसाठीच कुठंतरी गेली असेल. ती गेल्यावर जगात लोखंड आलं, काच आली, जातं आलं, चीनहून जहाजं आली, समुद्र मागं हटला, वाळूखालचं तेल निघालं, विमानं आली आणि एका विमानातून मी माझा पाटा घेऊन उतरले. माझ्या शेडमधले सगळे ट्रे तिच्या डोक्यावरून गेले, आणि तेवढा सगळा काळ तिचा पाटा तयार होता. मला भरून आलं. एवढं मोठं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं, आणि ते सगळं त्या बोटाला लागलेल्या कचकचीत होतं. बाई तशाच जमिनीवर बसून होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग त्या उठल्या, सुपरवायझरला फोन लावला आणि चाचांना म्हणाल्या, "माझी चूक झाली." चाचा म्हणाले, "कोई बात नहीं," आणि पिशवी खुंटीला अडकवून खड्ड्याकडं गेले.

माझ्यापुढं त्यांनी कोरा कागद ठेवला. मी दोन दिवस ते चित्र पुन्हा काढलं, ठिपक्याला ठिपका. जेवणाच्या सुट्टीत चाचा दाढीचा आरसा धरून पाट्यावर तिरपं ऊन पाडायचे. पेनचं टोक कागदावर टकटक वाजायचं आणि मला वाटायचं, आपण तिचंच काम करतोय.

चित्राबरोबर एक फॉर्म भरायचा असे. त्यात वस्तूची अवस्था लिहायची एक ओळ होती. तिथं मी नेहमी लिहायचे, फुटलेलं, झिजलेलं, अर्धवट. त्या दिवशी वेगळंच लिहिलं आणि कागद बाईंकडं दिला. त्यांनी वाचला, एकही शब्द न खोडता सही केली.

"काय लिवलंस?" चाचांनी विचारलं.

"वापरायला तयार," मी सांगितलं.