काकूंचा डबा आणि माझं मॉड्यूल

दिग्रसला आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या अंगणात छातीएवढी भिंत आहे. तिच्यावरून एक स्टीलचा डबा सतत ये-जा करतो. डबा काकूंचा. आईला एकदा ताप आला तेव्हा त्यातून कढीगोळे आले. भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून आईने बरं झाल्यावर त्यात तिळाचे लाडू घातले. लाडू खाऊन गप्प बसतील त्या काकू कसल्या? तेव्हापासून डब्याला विश्रांती नाही.

मी घरूनच नोकरी करते, पण अधूनमधून आठवडाभर पुण्याच्या ऑफिसात जावं लागतं. बाबा गेल्यापासून त्या आठवड्यात आईला बोलायला माणूस म्हणजे काकू. त्यांच्या भरवशावरच मी बसमध्ये बसते.

माझं काम कापसाच्या रुईचे फोटो तपासून त्यातला कचरा ओळखणाऱ्या प्रोग्रामवर. तो पायथन या भाषेत लिहिलेला. पायथन लिहायला सोपी, पण चालताना प्रत्येक ओळीचा अर्थ लावत बसते. म्हणून घाईचा भाग सी भाषेत लिहायचा, तो आधीच यंत्राच्या भाषेत पक्का करायचा आणि पायथनला जोडायचा. तसा जोडभाग, म्हणजे मॉड्यूल, मी लिहीत होते. सीमध्ये हिशेब आपला आपण ठेवायचा. वस्तू धरली की आकडा एकने वाढवा, सोडली की एकने कमी करा, शून्य झाला की मेमरीतली जागा मोकळी. पण दोन वस्तूंनी एकमेकींना धरून ठेवलं तर शून्य कधी येतच नाही. माझं तेच झालं होतं. दुपारपर्यंत मेमरी भरायची आणि लॅपटॉपचा पंखा जिनिंगच्या यंत्रासारखा घोंघावायचा.

"काहून डोकं धरून बसली वं?" आईने विचारलं.

कुणी विचारलं की मला शिकवायचा हुरूप येतो. समोर काकूंचा डबा होता. "हे पाय आई. तू डबा सोडत नाही, काकू सोडत नाहीत. एकीनं सोडल्याशिवाय जागा मोकळी होत नाही."

"मंग कोणं सोडाव?"

"कोणीबी. एकीनं सोडलं का झालं."

आईने डबा उचलून सगळीकडून न्याहाळला. आपण किती छान समजावतो, असं मला वाटलं.

मग मी मॉड्यूलमध्ये वस्तू सोडून देणारी एक ओळ घातली. प्रोग्राम सुसाट निघाला आणि धाडकन मेला. पडद्यावर फक्त चूक झाल्याचे दोन शब्द उमटले. कुठे चुकलं, कोणत्या ओळीत, काही नाही. मी सोडलेली वस्तू दुसरं कुणीतरी अजून वापरत होतं.

दुसऱ्या दिवशी आईने भिंतीवरून विचारलं, "चहा झाला का?" उत्तर आलं, "हो, झाला." एरवी या प्रश्नाच्या उत्तरात काकूंच्या सुनेचं सगळं माहेर येऊन जातं. आईचा चेहरा पडला.

"काय केलं तू?" मी विचारलं.

"डबा घासून, पुसून देऊन टाकला. रिकामा. तूच त म्हटलं, एकीनं सोडलं पाह्यजे."

"अवं, मी प्रोग्रामचं सांगून राह्यली होती!"

"मंग माह्या डब्याकडं बोट कायले दाखवलं?"

भिंत मुकी झाली. आपणहून बोलायला आई तयार नव्हती, "मी काय चोरी केली का?" म्हणायची आणि तिच्या ताटात भाकर उरायची. रविवारी मला पुण्याला निघायचं होतं. "जाय तू, मी राहीन," असं ती इतक्या शहाण्यासारखं म्हणाली की मी बॅग भरायची थांबले.

मॉड्यूलवर उपाय सापडला. ती ओळ काढून टाकली. पायथनचा एक सफाईवाला अशा अडकलेल्या जोड्या शोधत फिरतो, त्याला माझ्या वस्तूंचा पत्ता दिला. बाहेरून कुणी वापरत नाही ना, हे बघूनच तो हात लावतो. मेमरी शहाण्यासारखी वागायला लागली. काकूंकडे पाठवायला मात्र सफाईवाला नव्हता. शनिवारी मीच गेले, मुद्दाम हात हलवत.

"काकू, विरजण पाह्यजे होतं."

"भांडं?"

"विसरली."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "एवढी शिकली अन् भांडं विसरली!" आत गेल्या आणि तोच डबा घेऊन आल्या. पण हातात देईनात. "तुह्या मायनं रिकामा डबा देल्ला मले. मले वाटलं, माह्या हातचं आता गोड लागत नाही तिले." डोळे भरून आले होते त्यांचे.

"चूक माह्या प्रोग्रामची होती, काकू."

"कम्प्युटरले माह्या डब्याशी काय घेनं हाये?"

मी डबा घेऊन पळाले.

आईने झाकण उघडलं. एवढ्या मोठ्या डब्याच्या तळाशी चमचाभर दही. तिने दही वाटीत काढलं, हरभऱ्याची डाळ भिजत घातली आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

रविवारी निघताना पुरणपोळ्यांनी भरलेला डबा ओट्यावर तयार होता. जाता जाता काकूंना देऊन जावा म्हणून मी तो उचलायला गेले.

"राहू दे थो," आई म्हणाली. "डब्याले हात नको लावू तू. तुले नाही समजत त्यातलं."

मी हात मागे घेतला आणि बॅग उचलली. फाटकापर्यंत पोचले तोवर मागे भिंतीवरून काकूंच्या सुनेचं माहेर सुरू झालं होतं.